चित्रकलेचा तास

आमच्या भाचीच्या मुलीला दहावीला चित्रकलेचे सात गुण जास्तीचे मिळाले. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए श्रेणी आली की सात, बी आली की पाच, सी आली की तीन, असा हिशेब आहे. बातमी फोनवर आली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात टक्के काढले. सात गुणांनी किती फरक पडला, यावर दोन जावयांमध्ये थोडी चर्चाही झाली. तिने परीक्षेत कोणते चित्र काढले होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

मी इतिहासाचा मास्तर. पस्तीस वर्षे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळांत इतिहास आणि मराठी शिकवले. आमच्याकडचा इतिहास म्हटला की निजाम, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन, स्वामी रामानंद तीर्थ. तो सांगायलाच हवा, मीही जन्मभर सांगितला. पण शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या त्या ड्रॉइंगच्या तासालाही इतिहास आहे, आणि तो कोणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून वाचकहो, आज जरा त्याविषयी. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुरुवात वडिलांपासून करतो. दादा उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. प्राथमिकचे काही वर्ग मराठीतून, पुढे सगळे उर्दू. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचेच. दादांच्या शाळेत चित्रकला नावाचा विषय नव्हता. पण तख्ती होती. लाकडाच्या पाटीला मुलतानी माती फासायची, उन्हात वाळवायची आणि बोरूने त्यावर अक्षरे काढायची. अलिफ किती उंच, बे किती पसरट, हे नुक्त्यांनी मोजायचे. बोरूच्या टोकाने उमटलेला ठिपका हेच माप. चुकले की तख्ती धुवायची, पुन्हा माती, पुन्हा ऊन. ऐंशी ओलांडल्यावरही दादा सही उर्दूत करायचे आणि बँकेतला कारकून ती सही बघत बसायचा. आमच्या भागातल्या शाळेतला पहिला चित्रकलेचा तास कोणता, असे मला कोणी विचारले तर मी त्या तख्तीच्या तासाकडे बोट दाखवीन.

गंमत बघा. जगातली एवढी मोठी चित्रशाळा, अजिंठा, त्याच संस्थानात होती. संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक. १९२० च्या सुमारास त्यांनी भिंतींवरची रंगीत चित्रे वाचवायला इटलीहून जाणकार आणवले. पुढे याझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. जगभरच्या विद्वानांनी ते चाळले. आणि त्याच संस्थानातल्या कंधार-मुखेडकडच्या पोराला कागदाचा एक तुकडा आणि रंगाची एक वडी शाळेत मिळत नव्हती. निजाम सरकारला दोष द्यावा तर ब्रिटिश मुलखातल्या खेड्यांतही फार निराळे चित्र होते असे नाही. पण तिकडे मुंबईत १८५७ सालापासून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट होते. आमच्या बाजूला तसे काही नव्हते.

मग पोरे शिकत कुठे? शाळेबाहेर. एकादशीच्या भजनात पखवाजाजवळ बसून. औशाच्या नाथ संस्थानचे चक्री भजन ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. गोल फिरत, पावले टाकत म्हणायचे ते भजन म्हणजे ताल, स्वर आणि देहबोलीचे एकत्र शिक्षणच. नांदेडला गुरुद्वाऱ्यात शीख घरांतली लहान लहान मुले शबद-कीर्तनाला पेटी-तबला घेऊन बसत, आजही बसतात. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत वाघ्या-मुरळी, गोंधळी, तमाशाचे फड. भीमजयंतीला जलसे. शिवाय गणपतीतले मेळे. निजामी राजवटीत सभा-समारंभांवर गश्ती निशाण ५३ नावाच्या हुकमाची टांगती तलवार असे, कशालाही आधी परवानगी काढावी लागे. तरी देवाच्या नावाखाली मेळ्यात पोरे उभी राहत आणि पदे म्हणत. दादा सांगायचे, आपला आवाज चार माणसांपुढे फुटतो हे त्यांना कळले ते मेळ्यात, शाळेत नव्हे.

पोलीस अ‍ॅक्शननंतर उर्दू शाळा मराठी झाल्या. शिकवायला माणसे कुठून आणायची हा प्रश्न होता. बाहेरून, मुंबई राज्यातून, पुष्कळ शिक्षक आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, उदगीर-अहमदपूर-निलंगा बिदर जिल्ह्यातून सुटून उस्मानाबादेत आले, तिकडे किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले. राज्य बदलले तशी शाळेची कागदपत्रे बदलली, आणि त्या कागदपत्रांबरोबर आमच्या गावात दोन शब्द आले: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट.

या परीक्षा आता कला संचालनालय घेते. संचालनालय १९६५ चे, परीक्षा त्याहून पुष्कळ जुन्या. तरुण वाचकांना नीट माहीत नसेल म्हणून सांगतो. शाळेच्या वार्षिक परीक्षेशी यांचा संबंध नाही. आठवी-नववीतल्या मुलाने नाव द्यायचे, केंद्रावर जाऊन पेपर द्यायचे. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, म्हणजे समोर तांब्या, वाटी, वांगे, मागे पडदा असे मांडलेले असते ते बघून काढायचे. संकल्पचित्र, म्हणजे एखाद्या आकारात नक्षी भरायची. भूमिती आणि अक्षरलेखन. आणि स्मरणचित्र! विषय फळ्यावर किंवा कागदावर देतात, समोर काही नसते, डोळे मिटून आठवायचे आणि काढायचे.

मी एलिमेंटरीला बसलो ते १९६४ साली. आमचे ड्रॉइंगचे सर असेच बाहेरून आलेले. खादीचा सदरा, बोटांना कायम शाई. केंद्र नांदेडला. आम्ही सात मुले एस.टी.ने निघालो, प्रत्येकाच्या काखेत पाट, हातात पाण्यासाठी डालड्याचा डबा. कॅमलची रंगपेटी दोघांत एक. सर टपावर चढून पाट स्वतः बांधत होते आणि कंडक्टर ओरडत होता, "गुरुजी, काय दुकान घेऊन जाऊ लालाव का?" रात्री धर्मशाळेत मुक्काम. सरांनी कंदिलाच्या उजेडात भिंतीवर तांब्याची सावली पाडून दाखवली आणि विचारले, "सावली काळी आहे का?" आम्ही सात जणांनी हो म्हटले. मग त्यांनी कंदील हलवला. सावलीत जांभळे होते, विटकरी होते, भिंतीच्या चुन्याचे पिवळेही होते. साठ वर्षे झाली, अजून संध्याकाळी अंगणात सावल्या पडल्या की मी रंग मोजतो.

माझी मोठी बहीण माझ्याहून किती तरी चांगले काढायची. अक्काच्या रांगोळीला गल्लीतल्या बायका पहाटे बघायला येत. सरांनी तिचेही नाव घातले होते. पण मुक्काम जिल्ह्याच्या गावी, सोबत सात पोरे आणि एक मास्तर. आजीने नाही म्हटले आणि विषय तिथेच संपला. ग्रेड परीक्षेचा इतिहास लिहायचा तर कोण बसले याच्याबरोबर कोण बसले नाही याचीही यादी करावी लागेल. ती दुसरी यादी मोठी निघेल.

पण ज्यांनी ती दिली त्यांचे काय झाले? हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. इंटरमिजिएट झालेल्या मुलाला आर्ट टीचर डिप्लोमाचे, म्हणजे ए.टी.डी.चे, दार उघडे होई. दोन वर्षांचा कोर्स, मग शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी. नांदेडला अभिनव चित्रशाळा होती, चित्रकार त्र्यंबक वसेकरांचे नाव तिच्याशी जोडलेले. पुण्या-मुंबईला जायची ऐपत नसलेल्या मुलांना जिल्ह्यातच चित्रकलेचे रीतसर शिक्षण मिळाले. माझ्याबरोबर एलिमेंटरीला बसलेल्या सातांपैकी दोघे पुढे कलाशिक्षक झाले. एकाचे वडील सुतार. दुसऱ्याचे वडील सालगडी, आणि तो जयंतीला बाबासाहेबांचे मोठे चित्र काढायचा, सात फुटी, जुन्या धोतराला खळ लावून. ज्या घरात जमीन नाही, ओळख नाही, इंग्रजी नाही, त्या घरातल्या पोराला हातातल्या कसबावर सरकारी मान्यतेची नोकरी मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. चित्रकला हा श्रीमंतांचा शौक असे जे म्हणतात त्यांनी आमच्याकडच्या ड्रॉइंग मास्तरांची घरे बघावीत.

संगीताचे तसे झाले नाही. त्याच्याही परीक्षा होत्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. पण त्या शाळेतून चालत नव्हत्या, गुरूच्या घरी जावे लागे. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांनी शिष्य घडवले. त्यांचेच शिष्य पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) पुढे तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेले आणि त्यांनी किती तरी मुलांना गाते केले. मोठी माणसे. पण गुरू शहरात, आणि खेड्यातल्या शाळेत संगीतशिक्षकाची जागा क्वचितच असे. चित्रकलेची मात्र हायस्कूलला एक जागा असायची. ही ‘जागा’ लक्षात ठेवा, पुढे तिच्याविषयी बोलायचे आहे.

१९६८ ला मी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बी.ए.ला गेलो. स्वामीजींच्या प्रेरणेने १९५० मध्ये उभे राहिलेले कॉलेज. तिथे नरहर कुरुंदकर होते. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणत असू, कारण ते आधी प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते. इंटरला अडकलेला माणूस मॅट्रिकच्या बळावर शाळेत शिकवतो काय, पुढे एम.ए. करून कॉलेजात येतो काय, आणि भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहितो काय! ज्या गावात धड नाट्यगृह नव्हते त्या गावात रस, भाव आणि अभिनय यांवर वाद रंगायचे. वर्गात कमी, चहाच्या टेबलावर जास्त. आमच्या सारख्या खेड्यातल्या पोरांना कळायचे निम्मेच. पण कला ही विचार करण्याची गोष्ट आहे, नुसती हौस नाही, हे तिथे कळले. गुरुजी १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. वय पन्नासही नव्हते. पीपल्सचेच दत्ता भगत पुढे ‘वाटा पळवाटा’चे नाटककार म्हणून गाजले. नांदेडच्या त्या हवेत काही तरी होते खास.

आता लातूर. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निराळा झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली तिकडे झाली (संस्था एकच, शाळा दोन जिल्ह्यांत). ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला राजर्षी शाहू महाविद्यालयापासून लातूर पॅटर्न नावाचे पर्व सुरू झाले. जादा तास, सारख्या चाचण्या, प्रश्नपत्रिकांचा सराव, मुलाच्या प्रत्येक चुकीचा पाठपुरावा. लातूर पॅटर्नला नावे ठेवण्याची आता फॅशन आहे. मी ठेवणार नाही. कोरडवाहू जमिनीतल्या शेतकऱ्याची मुले त्यातून डॉक्टर, इंजिनिअर झाली, माझ्याच वर्गातली किती तरी. पण कॉलेजातली ती हवा बघता बघता खाली आठवीपर्यंत आली. गुणवत्ता यादीचे दिवस होते. शाळेच्या फाटकावर नावांचे बोर्ड लागायचे. अशा वेळी ड्रॉइंगचा तास कोणाच्या डोळ्यांत खुपला असेल हे सांगायला हवे का?

मी ज्या शाळेत होतो तिथले मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी एका जूनमध्ये आमच्या कलाशिक्षकांना बोलावून सांगितले, "सर, दहावीपुरते तुमचे तास गणिताला देऊ. आठवी-नववीचे बघू नंतर." त्या सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रेड परीक्षेचा निकाल आणून टेबलावर ठेवला. किती बसले, किती ए आले. म्हणाले, "हा पण बोर्ड लावा ना साहेब फाटकावर. तालुक्यात पहिले आहोत." बोर्ड लागला. आठवी-नववीचे तास वाचले.

त्या दिवसापासून मी ग्रेड परीक्षेला नावे ठेवणे सोडले. शिक्षणतज्ज्ञांना ती आवडत नाही. वांगी आणि तांबे काढून सर्जनशीलता वाढते का, असे ते विचारतात. बरोबर आहे त्यांचे. पण आपल्याकडे ज्याची परीक्षा नाही ते शिकवले जात नाही. मूल्यशिक्षण आले आणि परिपाठात विरघळले. कार्यानुभवात आम्ही खडू करत होतो, पुढे तेही बंद पडले. चित्रकलेचा तास टिकला, कारण त्याच्या मागे एक छापील प्रमाणपत्र होते.

आणि टिकला म्हणून १९९३ ला तो कामाला आला.

३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसे उशिरा झोपलेली. चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या माळवदाखाली गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी बसवावी लागली. त्या दिवाळीनंतर आमच्या शाळेत भूकंपातल्या गावांची अकरा मुले आली, नातेवाइकांकडे राहायला आलेली. वर्गात बसायची, वही उघडायची, लिहायची नाहीत. मी इतिहास शिकवत होतो. त्यांना काय सांगणार होतो मी इतिहास?

कलाशिक्षकांनी त्यांना वेगळे काढले नाही, सगळ्या वर्गाबरोबरच कागद दिले. विषय दिला नाही. पहिले कित्येक तास त्या मुलांनी घरे काढली. एक चौकोन, वर त्रिकोण, मधोमध दार. खरे तर त्यांच्या गावात तसे उतरत्या छपराचे एकही घर नव्हते, सगळी माळवदे. मी सरांना म्हटले, हे काय काढायलेत? ते म्हणाले, "पडणार नाही असं घर काढायलेत. काढू द्या." त्यांनी ती चित्रे भिंतीवर लावली नाहीत, बाहेरून पाहुणे आले तेव्हा दाखवलीही नाहीत. तेव्हा पाहुणे फार येत. डिसेंबरात एका मुलाने विसर्जनाची मिरवणूक काढली. बैलगाडीत गणपती, पुढे लेझीम, मागे माणसेच माणसे. कागद पुरला नाही म्हणून त्याने दुसरा मागून घेतला आणि जोडला. सरांनी डिंक आणून दिला. एवढेच.

त्या मुलांपैकी कोणी चित्रकार झाला नाही. एक जण माझ्या माहितीप्रमाणे एस.टी.त आहे.

शिक्षकांना कोण शिकवते, हाही प्रश्न याच विषयातला आहे. डी.एड.ला कला हा विषय असे, पण नोकरी लागल्यावर जी प्रशिक्षणे होत ती नव्या अभ्यासक्रमाची, नव्या मूल्यमापनाची. लातूर जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था मुरुडला. तिथे मी कितीदा गेलो असेन, बहुतेक वेळा तक्ते भरायला. अपवाद एक. दिल्लीत १९७९ पासून सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र आहे, त्याला सगळे सी.सी.आर.टी. म्हणतात. त्यांचे एक केंद्र हैदराबादला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझे नाव तिथल्या शिबिरासाठी लागले. दादा तेव्हा होते. त्यांना फार मजा वाटली. "आम्ही शिकायला हैदराबादलाच बघत होतो, तूही तिकडंच चाललास होय!" त्या शिबिरात देशभरचे मास्तर होते. केरळचे, आसामचे. पन्नाशीला टेकलेले आम्ही लोक कागदाचा लगदा करून बाहुल्यांची तोंडे बनवत होतो, मातीत हात घालत होतो, कोणी तरी संथाळी गाणे शिकवत होते. परत आल्यावर मी सातवीला शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका हातबाहुल्यांवर शिकवली. मुलांनी पेटाऱ्यासाठी काड्यापेट्या आणल्या. औरंगजेबाची बाहुली करायला वर्गातल्या एका मुलाने हट्ट धरला आणि त्याचे संवाद स्वतः लिहिले, उर्दू शब्द आजोबांना विचारून. शत्रूच्या बाजूनेही एकदा बोलून बघावे लागते, हे त्या पोराला कोणत्या धड्याने शिकवले असते?

केंद्राकडून शाळेला एक संचही आला होता. चित्रे, स्लाइड, ध्वनिफिती. तो लगेच जडसंग्रह नोंदवहीत चढला आणि कपाटात गेला. हरवला तर कोण भरून देणार, ही भीती. मी निवृत्त झालो तेव्हा कपाट बंदच होते. असो.

आजची स्थिती मला बाहेरूनच दिसते, पण दिसते. कागदावर तरी कलेला असे दिवस कधी नव्हते. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. २०१५ पासून केंद्र सरकारचा कला उत्सव आहे. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, कलेचा उल्लेख जागोजागी. १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ झाले, तिथे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, ज्ञानतीर्थ नावाचा युवक महोत्सव भरतो आणि चारही जिल्ह्यांतली पोरे-पोरी रंगमंचावर येतात. अक्काला एलिमेंटरीला जाऊ दिले नाही आणि तिची नात त्या महोत्सवात लावणी करून आली, घरच्या सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला. हे मी विसरत नाही.

पण ती ‘जागा’? कलाशिक्षक निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही. अंशकालीन म्हणजे अर्धवेळ. २०१५ मध्ये तर कला, क्रीडा, कार्यानुभवासाठी अतिथी निदेशक नेमण्याचे धोरण आले, तासाच्या हिशेबाने मानधन. पाहुणा किती दिवस राहणार? कंदील घेऊन धर्मशाळेत सावली दाखवायला पाहुणा येत नसतो, त्याला घरचा माणूस लागतो.

आणि दुसरीकडे, दहावीला गुण मिळू लागल्यापासून परीक्षेला बसणारी मुले तर मला चोहीकडे दिसतात. मग शिकवते कोण? लातुरात एका ओळखीच्या मुलीबरोबर मी एका खासगी क्लासला गेलो होतो. महिनाभराचा कोर्स. भिंतीवर चित्रांचे तक्ते. ‘बाजार’, ‘बसथांबा’, ‘शेतातील काम’. प्रत्येकात तीन माणसांच्या त्याच आकृत्या, एक उभी, एक वाकलेली, एक पाठमोरी. मुलांनी त्या पाठ करायच्या. विषय कोणताही येवो, त्या तिघांना तिथे नेऊन उभे करायचे. बाजार आला तर हातात पिशवी, शेत आले तर हातात खुरपे. शिकवणारा तरुण चांगला होता, हातात कसब होते, ए.टी.डी. झालेला, नोकरीची वाट बघून थकलेला. मी त्याला म्हटले, "बाबा, स्मरणचित्र आहे ना हे? स्मरण कोणाचं?" तो हसला. म्हणाला, "सर, ए ग्रेड येतो यानं."

म्हणजे ज्या परीक्षेने तास वाचवला तीच परीक्षा आता तासाशिवाय देता येते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर निकाल ठेवून वाद जिंकणारे आमचे सर आज असते तर काय करते, याचा मी विचार करतो. त्यांचा तो उपाय आता चालणार नाही. निकाल तर उत्तमच लागतोय.

त्या क्लासमध्ये एकच कागद वेगळा दिसला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले होते, आठवत असेल. एका मुलीने, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल, ‘रेल्वे स्टेशन’ या विषयावर ती पाण्याची गाडी काढली होती. डबे गोल, तपकिरी. फलाटावर माणसे नव्हती, नुसत्या घागरी होत्या, ओळीने, पिवळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या. त्या तिघांपैकी कोणीच त्यात नव्हते. शिकवणाऱ्याने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते: आकृत्या घाल.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. त्या तरुणाशी मग पुष्कळ बोलणे झाले. तो म्हणाला, सुटीत आठ दिवस फी न घेता वर्ग घेतो, पाठ केलेले काही काढायचे नाही असा. जागा हवी. मी आमच्या ओसरीची मोजमापे दिली आहेत, बारा बाय वीस. डाळिंबाच्या झाडाची सावली दुपारी आत येते.

आता एक काम तुमच्याकडे. मी नांदेड-लातूरकडच्या शाळांतल्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांची यादी करतो आहे. गाव, शाळा, साधारण साल, एवढे पुरे. आतापर्यंत एकोणीस नावे झाली, त्यांत बाई एकच. कोणाच्या घरी एलिमेंटरीचे जुने प्रमाणपत्र किंवा त्या वेळचे चित्र असेल तर त्याचा फोटो पाठवा. अक्काची मुले हे वाचत असतील तर तिची रांगोळीची वही माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, ती आधी खाली काढा. वाळवी लागायच्या आत.